डेट्रॉइट सिटी एफसीचं उदाहरण

अमेरिकेत सॉकर क्लब म्हणजे फक्त अब्जाधीशांचा धंदा, हे नेहमी ऐकू येणारं मत मला एकांगी वाटतं. डेट्रॉइट सिटी एफसी बघा. 2012 मध्ये पाच मित्रांनी एका शाळेच्या मैदानावर सुरू केलेला संघ, खेळाडूंत बहुतेक कॉलेजची पोरं. गर्दी मात्र अशी की जागा पुरेना. मग डेट्रॉइटला लागूनच्या हॅमट्रॅमक या छोट्या शहरातलं 1936 सालचं, पार खिळखिळं झालेलं कीवर्थ स्टेडियम त्यांनी डागडुजीला घेतलं. त्यासाठी समर्थकांनीच 7 लाख डॉलरहून जास्त पैसे उभे केले, तेही देणगी म्हणून नव्हे, परतफेडीच्या बोलीवर! (आपल्याकडे कोण देईल?) 2020 मध्ये संघ पूर्ण व्यावसायिक झाला. 2022 च्या यूएस ओपन कपमध्ये (लहानमोठ्या सगळ्या संघांना खुली असलेली बाद फेरीची स्पर्धा) त्यांनी याच कीवर्थवर एमएलएस या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधल्या कोलंबस क्रू संघाला 2-1 असं हरवलं.