शिस्त वेगळी, ताबा वेगळा

"कडक सर असल्याशिवाय पोरं घडत नाहीत" हे खेळाच्या सरांबद्दलचं म्हणणं मला अर्धंच पटलं. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर राहायचं, ही शिस्त. पण पोरांनी कोणाशी मैत्री करायची, गणपतीत ढोलपथकात जायचं की नाही, हेही सरच ठरवणार असतील तर तो ताबा झाला.

माझी भाची कोथरूडहून रोज जिम्नॅस्टिक्सला जायची. आठवीत असताना ती पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागायला लागली. घरात, स्वतःच्या आजीकडे! आम्ही आपले "काय वळण लागलंय" म्हणून कौतुक करत होतो. (आता आठवलं की लाज वाटते.) दहावीत गुडघा गेला, खेळ सुटला, आणि "तुला काय आवडतं?" या साध्या प्रश्नावर तिला उत्तरच सुचेना. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये मांडलेलं 'फोरक्लोजर' ते हेच. स्वतः काही चाचपून न बघता दुसऱ्याने दिलेली ओळख पक्की धरून बसायचं.

आपल्याकडेच असं होतं असंही नाही. ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्समधल्या छळाच्या तक्रारींवरचा, वकील ॲन व्हाइट यांचा चौकशी अहवाल जून २०२२ मध्ये आला. त्यासाठी ४०० हून अधिक निवेदनं आली होती. वजनावरून पाणउतारा, खाणंपिणं तोडणं, टॉयलेटला जाऊ न देणं, सगळं त्यात आहे.

भाची हल्ली रविवारी मैत्रिणींबरोबर सिंहगड चढते. किती मिनिटांत चढलो, हे घड्याळात अजून बघतेच म्हणा.