मेंदूचा लिम्फोमा: चारही औषधं द्यायची की दोनच?

लातूर_फिजिशियन: पेशंट ५८ वर्षांचे, बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल (लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फ पेशींच्या कॅन्सरचा एक प्रकार), आजार फक्त मेंदूत. मॅट्रिक्स (मेथोट्रेक्सेट, सायटाराबिन, रिटक्सिमॅब आणि थायोटेपा ही चार औषधं मिळून) द्यावं असं वाटतं. पण मेथोट्रेक्सेटची रक्तातली लेव्हल तपासायला सॅम्पल इथून बाहेर पाठवावं लागतं. मेथोट्रेक्सेट-सायटाराबिनवर भागेल?

रक्तविकार_संभाजीनगर: मेंदूच्या लिम्फोमावरच्या आयईएलएसजी-३२ या चाचणीत त्या दोन औषधांवर २३ टक्के पेशंटमध्ये गाठ पूर्ण गेली. रिटक्सिमॅब जोडल्यावर ३०, वर थायोटेपाही दिल्यावर ४९. फरक मोठा आहे, पण त्याच चाचणीत औषधांच्या त्रासाने सुमारे ६ टक्के पेशंट दगावले. तिथे वय ७० पर्यंतच होतं, ६५ च्या पुढचे तर हिंडते-फिरतेच घेतले होते. तुमच्या पेशंटचं वय बसतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतंय त्याचं माप) किती? हिपॅटायटिस बीचं अँटी-एचबीसी (जुना संसर्गही दाखवणारी रक्ततपासणी) केलंय का? नुसतं एचबीएसएजी (चालू संसर्गाची तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून रिटक्सिमॅब सुरू करू नका.

केमो_डेकेअर_सिस्टर: मेथोट्रेक्सेट शरीराच्या पृष्ठफळाच्या मापाने ३.५ ग्रॅम प्रति चौरस मीटर: ०.५ पंधरा मिनिटांत, उरलेलं ३ तासांत. रेंगाळत दिलं तर मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. लघवीचा पीएच ७ च्या वर आल्याशिवाय बाटली लावायची नाही. सोडाबायकार्ब सलाईनमधून चालूच ठेवा, प्रत्येक लघवीला पट्टी बुडवा. उन्हाळ्यात नातेवाईक प्रेमाने कोल्ड्रिंक पाजतात, ते पहिलं बंद. लघवी आंबट झाली की औषधाचे खडे मूत्रपिंडातच बसतात.

लातूर_फिजिशियन: क्लिअरन्स ८२, अँटी-एचबीसी निगेटिव्ह. पँटोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) आणि को-ट्रायमोक्साझोल (अँटिबायोटिक) चालू आहे.

रक्तविकार_संभाजीनगर: दोन्ही आधीच थांबवा, लेव्हल उतरेपर्यंत परत नको. दुखण्याच्या गोळ्याही नकोत. छातीत किंवा पोटात पाणी असेल तर आधी काढा, नाहीतर औषध तिथे साठून हळूहळू रक्तात झिरपत राहतं. ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटच्या त्रासावरचा उतारा) २४ तासांनी सुरू करा, १५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर दर ६ तासांनी, लेव्हल ०.१ मायक्रोमोलच्या खाली येईपर्यंत.

आता मूळ प्रश्न. लेव्हल दोन दिवसांनी कळणार असेल तर दोन औषधंही तिथे देऊ नका. क्रिएटिनिन चढलेलं असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं सायटाराबिन गेलं की ते सेरेबेलमला (तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला) बाधतं, पेशंटचा तोल जातो. अहवाल त्याच दिवशी मिळेल अशा ठिकाणी पहिली सायकल होऊ द्या. मधल्या काळातले रक्तपेशींचे काउंट, जीसीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन), ताप आला तर लगेच भरती, हे लातूरला नीट जमेल.

केमो_डेकेअर_सिस्टर: लेव्हलचं सॅम्पल फॉइलमध्ये गुंडाळा, उजेडात औषध बिघडतं. आणि ज्या लाइनमधून औषध चाललंय तिच्यातून रक्त काढू नका, आकडा खोटा चढतो.