मदत हवी आहे: शाळेतून मुलांची गळती नेमकी किती? एक आकडा ३.६, दुसरा १४.३ (जत, सांगली)

डफळापूर_फाटा
जत तालुक्यातल्या आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी सातवीच्या पटावर २८ मुलं होती. यंदा आठवीचा पट २७, त्यात ३ नवीन दाखल, मागे राहिलेलं कोणी नाही. एका तक्त्यात गळती ३.६ टक्के निघाली, दुसऱ्यात १४.३. जुन्या मुलांपैकी चौघं आमच्याकडे नाहीत. दोघांचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकातल्या साखर कारखान्याकडे, एक मुलगा वाळवा भागात आहे असं कळतं, चौथ्या मुलीचा पत्ता नाही. शाळा व्यवस्थापन समितीपुढे कुठला आकडा ठेवायचा? यूडायस पोर्टलवर (देशभरच्या शाळांची सरकारी माहिती प्रणाली) काय करायचं? आणि देशाचा माध्यमिक गळतीदर २०२३-२४ साठी कुठे १४.१, कुठे १०.९ छापलाय, तो का?

बेरीज_वजाबाकी
शेवटचं आधी. १४.१ हा जुन्या रचनेतला, म्हणजे नववी-दहावीचा दर. १०.९ हा नव्या शिक्षण धोरणाच्या रचनेतला, नववी ते बारावीचा. वर्ष तेच, वर्ग वेगळे. २०२४-२५ चा ८.२ हाही नववी ते बारावीचाच, त्यामुळे त्याची तुलना १०.९ शी करा. १४.१ वरून थेट ८.२ वर आलो असं भाषणात ऐकलंत तर कान टवकारा.

दुसरं म्हणजे हा दर वर्षाचा असतो. दरवर्षी ८.२ टक्के मुलं सुटत गेली, तर नववीतल्या १०० पैकी बारावीत ७७ च्या आसपास पोचतात. अशी गळती वर्षानुवर्षं साचते, म्हणूनच २०२४-२५ च्या त्याच यूडायस अहवालात पहिलीपासून बारावीपर्यंत टिकण्याचं प्रमाण ४७.२ टक्केच दिसतं. त्यात दहावीनंतर आयटीआय आणि तंत्रनिकेतनाला गेलेलेही वजा झालेत, कारण त्या संस्था यूडायसच्या पटात येत नाहीत.

आता तुमचा तक्ता. जुनं सूत्र पट मोजतं, मुलं मोजत नाही: २७ भागिले २८ म्हणजे ९६.४, उरले ३.६. नवीन आलेल्या तिघांनी गेलेल्या चौघांची जागा भरून काढली. राज्याच्या पातळीवर अशी ये-जा बरीचशी एकमेकींत जिरते, शाळेच्या पातळीवर नाही. पाच नवीन आले असते तर गळती शून्याखाली गेली असती! नावानिशी मोजलं तर २८ पैकी ४, म्हणजे १४.३. पण तोही अजून गळतीदर नव्हे, ती 'शोध बाकी' यादी आहे. समितीपुढे टक्केवारी ठेवूच नका, चार नावं ठेवा.

येरळाकाठ
पोर्टलचं सांगते. प्रोग्रेशन (मागच्या वर्षीचं प्रत्येक मूल यंदा कुठे आहे याची नोंद) भरताना चौघांनाही 'याच शाळेत' दाखवून पट फुगवू नका. 'दाखला घेऊन गेला' किंवा 'दाखला न घेता गेला' यातलं खरं ते निवडा. मग मूल ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) जातं आणि नव्या शाळेला पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून इम्पोर्ट करता येतं.

घोटाळा होतो तो इथेच. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, जन्मतारखेत फरक असतो, म्हणून नवी शाळा इम्पोर्टच्या नादी न लागता नवीन पेन काढते. एकाच मुलाचे दोन क्रमांक. जुना ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहतो आणि तुमच्या खाती गळती लागते. वाळव्याच्या मुलाचं बहुधा असंच झालं असेल. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पेन, जन्मतारीख आणि आईचं नाव कळवा.

कर्नाटकातल्या दोघांसाठी सरलचा (राज्याच्या विद्यार्थी नोंदणीचा) आयडी उपयोगाचा नाही, तो आपल्या राज्यापुरता. तिकडे वेगळी प्रणाली आहे. पेन मात्र देशभर एकच, तो पालकांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. दाखला नाही म्हणून तिकडची शाळा अडवू लागली तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवायला सांगा. राज्याबाहेरच्या बदलीचा हक्क त्यात आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता येत नाही.

पट्टा_पडला
वरचं सगळं मूल गेल्यावरचं. जत-आटपाडी असो की माण-खटाव, खरं काम दिवाळीआधीचं आहे. उचल (ऊसतोडीची आगाऊ रक्कम) कुणी घेतली हे गावात पावसाळ्यातच ठाऊक असतं. सप्टेंबरमध्ये मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्याकडून) कारखाना आणि गट कळतो, पालक मात्र नीट सांगत नाहीत. तेव्हाच यादीत तीन रकाने करा: आजी-आजोबांकडे राहू शकणारी, हंगामी वसतिगृहाची, सोबत जाणारच ती. पहिल्या दोन रकान्यांतली मुलं गावातच राहतात. वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या ठरावानिशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे टोळ्या हलायच्या आत जायला हवा. नोव्हेंबरात मंजुरी आली तर मुलं तोवर उसाच्या फडात पोचलेली असतात. सोबत जाणाऱ्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड) द्या.

थोरल्या मुलीकडे जास्त लक्ष द्या. कोपीवर (तोडीवरच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळायला तिलाच नेतात. म्हणून धाकट्याची अंगणवाडीत सोय लावल्याशिवाय थोरली शाळेत थांबत नाही.

डफळापूर_फाटा
आभार. चौथीचं काय? महिना उलटला, घराला कुलूप.

येरळाकाठ
महिन्याहून जास्त सलग गैरहजर म्हणजे ती शाळाबाह्य. नाव परस्पर कमी करू नका. बालरक्षक (शाळाबाह्य मुलांसाठी काम करणारे शिक्षक) आणि केंद्रप्रमुखांना लेखी कळवा, शेजाऱ्यांचा जबाब घेऊन पंचनामा करा. वयाचा दाखला जपून ठेवा. बालविवाहाची नुसती कुणकुण लागली तरी ग्रामसेवक हेच गावचे प्रतिबंध अधिकारी आहेत, शिवाय १०९८ आहेच. सापडली तर वयानुरूप आठवीतच बसवायचं, कलम ४ प्रमाणे विशेष प्रशिक्षण देऊन.

बेरीज_वजाबाकी
आणि मार्चमध्ये आठवीच्या सगळ्या मुलींची नववीची शाळा कागदावर ठरवून घ्या. शिक्षण हक्क कायदा आठवीला संपतो. हायस्कूल लांब असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत एसटी पास आहे, पण आगाराची गाडी शाळेच्या वेळेला येते का ते आधी बघा. नसेल तर आगारप्रमुखांना पत्र एप्रिलमध्येच द्या, जूनमध्ये वेळापत्रक हलत नाही.