स्वस्त, कारखान्यात तयार झालेली सेमी ऑटोमॅटिक रायफल दीर्घकाळ भरवशाची राहील का, हे कशावरून ठरवावे?

वाळूजकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. माझा मावसभाऊ बरीच वर्षे टेक्सासमध्ये स्थायिक आहे आणि तेथील चांदमारीच्या मैदानावर सरावासाठी त्याला एआर-१५ पद्धतीची, कमी किमतीच्या श्रेणीतील रायफल घ्यायची आहे. सुटे भाग आणून घरी जुळवलेली नको, कारखान्यातूनच पूर्ण होऊन आलेली हवी, एवढे त्याचे नक्की ठरले आहे. मी पोलादाच्या भागांची तपासणी करतो म्हणून त्याने माझे मत विचारले आहे.

त्याने पाठवलेली परीक्षणे मी पाहिली. बहुतेक ठिकाणी एक नवी रायफल घेऊन पाचशे किंवा हजार राउंड झाडतात आणि ती एकदाही अडली नाही म्हणून भरवशाची आहे, असा निर्वाळा देतात. आमच्या कारखान्यात पाच नग चांगले निघाले म्हणून कोणताही भाग मंजूर होत नाही. कच्च्या मालाचे प्रमाणपत्र, हीट ट्रीटमेंटचा तक्ता, कडकपणाच्या नोंदी आणि क्रॅक तपासणीचा अहवाल हे सगळे जुळल्यावरच माल पुढे जातो. एआर-१५ची रचना अनेक कंपन्या वापरतात, रिसीव्हरसाठी, म्हणजे मुख्य सांगाड्यासाठी, बहुधा एकाच प्रकारचे ७०७५-टी६ अॅल्युमिनियम असते आणि बाहेरून दोन रायफलींत फारसा फरक दिसत नाही. मग किंमत जवळजवळ निम्मी होते ती नेमकी कोठे काटकसर केल्यामुळे, आणि ती काटकसर ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी किंवा पहिल्या काही महिन्यांत ओळखता येते का? ज्यांनी शस्त्रे हाताळली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

माजी आर्मरर, बीड जिल्हा

वाळूजकर, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. सैन्यात माझी सेवा शस्त्रदुरुस्तीत झाली, त्यामुळे ७.६२ एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) आणि नंतरच्या ५.५६ रायफली उघडून पाहणे हाच माझा रोजचा उद्योग होता. एआर-१५ आपल्याकडे सामान्य माणसाच्या हाती येत नाही, पण बंदुकीतला गॅस, पोलाद आणि झीज यांचे नियम सगळीकडे सारखेच असतात.

पहिली गोष्ट अशी की रायफल पहिल्या दिवशी न अडणे आणि दहा हजार राउंडनंतर न अडणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि कधीकधी ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. गोळी नळीतून पुढे जाताना मागचा थोडा गॅस एका बारीक छिद्रातून परत वळवला जातो आणि त्याच्या जोरावर नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट आणि तो वाहणारा बोल्ट कॅरिअर मागे येतो. स्वस्त रायफल विकणाऱ्याला ठाऊक असते की ग्राहक स्वस्त आणि कमी ताकदीचे काडतूसही वापरणार, आणि रायफल अडली तर ती परत येणार. म्हणून काही कारखाने ते छिद्र गरजेपेक्षा मोठे ठेवतात. त्यामुळे कोणतेही काडतूस चालते, परीक्षण करणारा खूश होतो. परंतु चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसते त्या जागेतला, दाब पुरेसा उतरण्याआधीच बोल्ट उघडू लागतो, काडतुसाच्या फुगलेल्या कवचाला (केसला) एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे ते ओढून काढणारा आकडा, हिसका देऊन ओढतो, कॅरिअर मागे जोरात आदळतो आणि प्रत्येक भाग त्याच्या वयापेक्षा लवकर म्हातारा होतो. ज्या गुणामुळे परीक्षणात गुण मिळाले, तोच आयुष्य कमी करतो. एसएलआरला गॅस रेग्युलेटर होता; जवान लागेल तेवढाच गॅस घेऊन बाकीचा बाहेर सोडत असे. साध्या एआर-१५ला ती सोय नसते, कारखान्याने पाडलेले छिद्र हेच अंतिम असते.

हे छिद्र दुकानात मोजता येत नाही, पण त्याचा परिणाम दिसतो. चांगल्या प्रतीच्या पितळी काडतुसांनी सराव करताना रिकाम्या केसेस उजवीकडे आणि किंचित मागे पडत असतील तर बहुधा ठीक आहे. त्या सातत्याने पुढच्या बाजूला फेकल्या जात असतील आणि त्यांच्या कडेवर ओरखडे येत असतील, तर गॅस जास्त आहे असा संशय घ्यावा. सोळा इंची नळीवर गॅसचे छिद्र चेंबरपासून सुमारे सात इंचांवर ठेवलेली आणि सुमारे नऊ इंचांवर ठेवलेली अशा दोन्ही रचना मिळतात. किमतीत थोडाच फरक असेल तर नऊ इंचांची घ्यावी, कारण तेथे गॅसचा दाब उतरलेला असतो आणि धक्का सौम्य बसतो.

दुसरी गोष्ट बोल्टची. ५.५६च्या काडतुसाचा दाब दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या आसपास जातो आणि तो सगळा बोल्टच्या सात लहान लगांवर, म्हणजे त्याला जागी अडकवणाऱ्या दातांवर, येतो. भेगा पडतात त्या मुख्यतः एक्स्ट्रॅक्टरशेजारच्या लगांच्या मुळाशी आणि कॅम पिनच्या छिद्रापाशी. यासाठी मूळ लष्करी आराखड्यात कारपेंटर १५८ हे पोलाद सांगितले आहे. ९३१० हे दुसरे पोलादही योग्य हीट ट्रीटमेंट झाल्यास उत्तम काम देते. लष्करी पद्धतीत प्रत्येक बोल्टवर जास्त दाबाचे काडतूस झाडून नंतर चुंबकीय कणांनी भेग तपासतात. स्वस्त श्रेणीत काही ठिकाणी ही तपासणी नगागणिक न होता लॉटमधून थोडे नग काढून होते. मराठवाड्यात ज्या घराण्यांत निजामाच्या काळापासूनची विलायती बारा बोअर आहे, त्यांनी तिच्या नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा शिक्का पाहिला असेल. ब्रिटनमध्ये १८६८च्या कायद्यानुसार प्रत्येक नळीची दाबचाचणी सक्तीची आहे. अमेरिकेत अशी सक्ती नाही, सगळे निर्मात्याच्या शिस्तीवर अवलंबून असते. म्हणून निर्माता कागदावर काय लिहून देतो, ते शब्द न् शब्द वाचावे.

तिसरी गोष्ट ग्राहक स्वतः पाहू शकतो. बोल्ट कॅरिअरवर गॅस की, म्हणजे परत आलेला गॅस आत घेणारा भाग, दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि ते स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून कडेचा धातू पंचाने ठोकून त्यांच्या डोक्यांवर दाबतात. जेथे घाईत काम झाले आहे तेथे नुसती खूण उमटलेली असते, धातू स्क्रूपर्यंत सरकलेलाच नसतो. की सैल झाली की गॅस गळतो आणि रायफल अडू लागते. बटाची नळी रिसीव्हरला जखडणाऱ्या नटाचेही तसेच. दोन मिनिटांचे हे काम ज्या कारखान्याने नीट केले नाही, त्याने न दिसणारी कामे नीट केली असतील यावर माझा विश्वास बसत नाही.

संख्याशास्त्र शिक्षक, लातूर

आर्मररसाहेबांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे. मी केवळ पाचशे राउंडच्या परीक्षणाविषयी लिहितो.

एखादी चाचणी क वेळा केली आणि एकदाही बिघाड झाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण ३ भागिले क यापेक्षा जास्त नसावे. पाचशे राउंड निर्विघ्न गेले, तर बिघाडाचा खरा दर हजारी सहापर्यंत असू शकतो. म्हणजे तीस राउंडच्या सहा मॅगझिनांमध्ये साधारण एकदा अडणारी रायफलसुद्धा या परीक्षेत नशिबाने उत्तीर्ण होऊ शकते. हजारी एकपेक्षा कमी दर आहे असे म्हणायचे असेल, तर सलग तीन हजार राउंड निर्विघ्न जायला हवेत. आणि हे गणितही त्या एका रायफलीपुरते, तिच्या त्या वयापुरते लागू आहे.

यंत्रांच्या आयुष्यात बिघाडाचे प्रमाण बहुधा सुरुवातीला जास्त, मध्ये कमी आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा वाढते असते. नवी रायफल झाडून पाहणारे परीक्षण पहिला भाग तपासते, आपला प्रश्न तिसऱ्या भागाविषयी आहे. त्यासाठी जास्त उपयोगी पडतात ती चांदमारीच्या मैदानावर भाड्याने दिली जाणारी शस्त्रे, कारण ती अनेक हातांतून जातात आणि कोणता भाग कितव्या हजाराला बदलला याची नोंद मैदानाचा मिस्त्री ठेवत असतो. मात्र एका लॉटमधला माल दुसऱ्या लॉटसारखा आहे का, हे कळायला एकच रायफल दहा हजार राउंड झाडून उपयोग नाही. वेगवेगळ्या महिन्यांत बनलेल्या अनेक रायफलींच्या नोंदी लागतात. तक्रारी वाचताना त्या कोणत्या काळात बनलेल्या मालाच्या आहेत, हे आपल्या भावाने आवर्जून पाहावे.

वाळूजकर

दोघांचेही मनापासून आभार. आर्मरर काका, एक शंका आहे. चुंबकीय कणांची तपासणी आम्हीही करतो. ती पृष्ठभागावरची आणि त्याच्या अगदी लगतची भेग दाखवते, पण हीट ट्रीटमेंट चुकली असेल किंवा फॉस्फेटिंगनंतर नग वेळेत भट्टीत तापवून आत शिरलेला हायड्रोजन काढला नसेल, तर त्या दिवशी भेगच नसते, ती नंतर पडते. मग बोल्टवरच्या तपासणीच्या शिक्क्यावर किती भिस्त ठेवावी?

माजी आर्मरर, बीड जिल्हा

आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. शिक्का म्हणजे दोष असलेला नग अडवणारी चाळणी आहे, टिकण्याची हमी नव्हे. म्हणून बोल्ट हा झिजणारा भाग समजून त्याची नियमित पाहणी करावी, लगांच्या मुळाशी भिंग लावून पाहावे आणि एक जादा बोल्ट जवळ ठेवावा. कॅरिअरला परत पुढे ढकलणारी अॅक्शन स्प्रिंगही साधारण पाच हजार राउंडनंतर बदलावी. शिवाय मॅगझिनांवर क्रमांक टाकावेत, कारण रायफल अडली की दोष बहुधा तिला दिला जातो आणि निघतो मॅगझिनमध्ये.

शस्त्र, काडतूस आणि देखभाल यांचा विचार एकत्रच करावा लागतो. व्हिएतनाममध्ये एआर-१५चीच लष्करी आवृत्ती असलेल्या एम-१६ रायफली अडल्या तेव्हा काडतुसातली दारू आराखड्यापेक्षा वेगळी होती, चेंबरला क्रोमचा थर नव्हता आणि अनेक सैनिकांकडे सफाईचे साहित्यही पोहोचले नव्हते. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीने याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम दिले, सफाईची शिस्त लावली आणि त्याच रचनेने अनेक दशके सेवा दिली.

नांदेडचा, सध्या ह्यूस्टन

मी येथे बरीच वर्षे चांदमारीला जातो. आर्मरर काकांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. आपला भाऊ वर्षाला किती राउंड झाडणार, हे आधी ठरले पाहिजे. दीर्घकाळ हा शब्द वर्षांत मोजून उपयोग नाही, तो राउंडमध्ये मोजावा लागतो. हौशी माणूस वर्षाला पाचशे राउंडही झाडत नाही. नळीची अचूकता खालावायला सावकाश गोळीबारात दहा हजारांहून अधिक राउंड लागू शकतात, म्हणजे अशा माणसाला ती वीस वर्षे पुरते. त्याने लष्करी दर्जाच्या प्रत्येक शिक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या काडतुसांवर आणि प्रशिक्षणावर खर्च करावेत.

या रचनेत बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंगा आणि ट्रिगरचे भाग कोणत्याही कंपनीचे बहुधा एकमेकांत बसतात आणि सहज मिळतात. म्हणून स्वस्त रायफल घेताना जे बदलायला महाग आणि कठीण, त्याच्याकडे आधी पाहावे: नळी कोणत्या पोलादाची आहे, झीज आणि गंज टाळण्यासाठी ती क्रोम किंवा नायट्राइड केलेली आहे का, नळीच्या छिद्रावर बसणारा गॅस ब्लॉक पिनांनी पक्का बसवला आहे की नुसत्या स्क्रूंनी, आणि नळी रिसीव्हरमध्ये सरळ बसली आहे का. नळीच्या ४१४० आणि ४१५० या पोलादांच्या वादात हौशी माणसाने फार गुंतू नये, दोन्ही चालतात. बोल्ट बदलला तर बोल्ट आणि चेंबर यांमधले अंतर मोजणाऱ्या हेडस्पेस गेजने जाणकाराकडून तपासून घेणे मात्र सोडू नये.

घेतल्यावर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत, तो वापरणार असलेल्याच काडतुसांचे किमान पाचशे राउंड झाडावेत आणि प्रत्येक अडथळा तारीख, मॅगझिनचा क्रमांक व काडतुसाचा लॉट यांसह वहीत लिहावा. दोष आढळला तर निर्मात्याशी पत्रव्यवहार करताना हीच वही कामी येते. कंपनी तक्रारीला किती दिवसांत उत्तर देते, परत पाठवण्याचा खर्च कोण सोसते, हे विकत घेण्याआधीच जुन्या ग्राहकांना विचारून घ्यावे. स्वस्त श्रेणीत दोन कंपन्यांमध्ये सर्वांत मोठा फरक मला तेथेच दिसला आहे.