वेबसाइटच्या डिझाइनमधले लिंगभावाचे साचे: आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये काय मावेल?

फास्ट_लोकल: नमस्कार मंडळी. मे-जूनमध्ये मुंबईतल्या एका डिझाइन लॅबमध्ये आठ आठवड्यांची रिसर्च इंटर्नशिप आहे. वेबसाइटच्या डिझाइनमधून बाई-पुरुषांविषयीच्या ठरीव कल्पना कशा डोकावतात, हे बघायचंय. गाईडने दोन पर्याय दिलेत: कोचिंग क्लासच्या साइट्सचं पद्धतशीर निरीक्षण, किंवा एकाच पानाच्या दोन आवृत्त्या करून लोकांवर प्रयोग. मला प्रयोगात रस आहे. चाळीस-पन्नास जण जमतील. पुरतील का?

पी_व्हॅल्यू: नाही पुरणार. परिणाम मध्यम धरला (कोहेनचा डी, म्हणजे दोन गटांतल्या फरकाचं माप, ०.५), पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडायची शक्यता) ८० टक्के, अल्फा (नसलेला फरक दिसायचा धोका) ०.०५, तर नुसत्या दोन गटांच्या तुलनेला प्रत्येकी ६४ जण लागतात. आणि तुझा प्रश्न तेवढा साधा नाहीच. ‘डिझाइनचा फरक बायकांवर पडतो, पुरुषांवर नाही’ असं म्हणायचं तर इंटरॅक्शन, म्हणजे डिझाइनचा परिणाम बायका आणि पुरुषांत वेगळा आहे का, ते तपासावं लागेल: दोन आवृत्त्या आणि बायका-पुरुष मिळून चार गट, प्रत्येकी साधारण १२८, म्हणजे पाचशेच्या वर माणसं. बायकांमध्ये निकाल सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग वाटणार नाही असा) आला आणि पुरुषांमध्ये नाही, एवढ्यावरून दोघांत फरक आहे असं ठोकून देणं ही सर्रास होणारी चूक आहे.

त्यात मे महिना. पोरं परीक्षेत नाहीतर गावाला, आणि कॉलेजं उघडणार जूनच्या मध्याला. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळेपर्यंतचे दिवस वेगळेच.

कोडबुक: निरीक्षणच घे, आणि ते नीट कर. आधी दोन पेपर वाच. सप्ना चेरियन आणि सहकाऱ्यांचा २००९ चा: खोलीत स्टार ट्रेकची पोस्टरं आणि व्हिडिओ गेम ठेवले की मुलींचा कॉम्प्युटर सायन्समधला रस घटतो. मग २०१८ च्या सीएचआय (माणूस आणि संगणक यांच्यातल्या संवादावरच्या) परिषदेतला मेटाक्सा आणि सहकाऱ्यांचा. तीच कल्पना त्यांनी कोर्सच्या वेबपेजवर आणली.

साइट्स साठाच्या आसपास पुरे. पानं इन्कॉग्निटोमध्ये उघड, एकाच आठवड्यात, डेस्कटॉप आणि मोबाइल दोन्ही ठरलेल्या रुंदीला, पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट. मे महिन्यात अ‍ॅडमिशनचे बॅनर रोज बदलतात. तारीख नसेल तर डेटा फुकट.

खरी मेहनत कोडबुकात, म्हणजे पानावरचं काय आणि कसं नोंदवायचं त्याच्या नियमांत आहे. ‘फोटोतली मुलगी सक्रिय दिसते का?’ असं विचारलंस तर दोन कोडर (या नोंदी करणारे) कधी जुळणार नाहीत. त्याचे तुकडे कर: हातात पेन किंवा उपकरण आहे का, नजर कामाकडे की कॅमेऱ्याकडे, समजावणारं कोण आणि ऐकणारं कोण. वीस टक्के पानं दोघांनी स्वतंत्रपणे कोड करायची. कप्पा (योगायोगाची जुळणी वगळून दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचं माप) ०.६ च्या खाली आला तर व्याख्या सुधारून नवी पानं घ्यायची, तीच परत नाही. एखादी गोष्ट क्वचितच दिसत असेल तर जुळणी चांगली असूनही कप्पा पडतो, म्हणून सोबत जुळणीची टक्केवारीही दे.

फॉर्म विसरू नकोस, तिथे माल जास्त आहे. पुरुषाला एकच ‘श्री.’, बाईला मात्र ‘सौ.’ की ‘कुमारी’ ते सांगावं लागतं. ‘वडिलांचे/पतीचे नाव’. आधीच निवडून ठेवलेलं ‘पुरुष’. तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता देणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या नाल्सा निकालानंतरही दोनच पर्याय देणारे फॉर्म. मराठी बटणांवर ‘मी स्वीकारतो’ आहे की ‘मी सहमत आहे’, हेही नोंदव. गुलाबी रंग मोजत बसू नकोस. तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

फास्ट_लोकल: पटलं. पण शेवटच्या दोन आठवड्यांत, मंजुरी आलीच तर, प्रयोगाचा छोटा पायलट (चाचणी फेरी) चालेल का?

जास्वंद: चालेल, पण पायलट म्हणूनच लिहा, निष्कर्ष काढू नका. दोन्ही आवृत्त्यांत मजकूर शब्दन्‌शब्द तोच ठेवा, फक्त चित्रं बदला. रंगही बदलणार असाल तर कॉन्ट्रास्ट मोजा. पांढऱ्यावर फिकट गुलाबी अक्षरं ४.५:१ च्या (वाचनीयतेसाठी वेबवर मानल्या जाणाऱ्या किमान मर्यादेच्या) खाली जातात. मग लोक पान नाकारतात ते वाचता येत नाही म्हणून, आणि तुम्ही खापर फोडता साच्यावर.

लिंग कोणतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच विचारलात तर पुढच्या उत्तरांवर त्याचा रंग चढतो. ‘इथे मला आपलं वाटेल’ अशी वाक्यं सात अंकी स्केलवर, आणि काही उलट्या अर्थाची. नाहीतर लोक डोळे मिटून सहा-सहा मारत जातात.

मानधन यूपीआयने देणार असाल तर त्याचा फॉर्म वेगळा ठेवा. आयडीमध्ये बहुतेकदा नाव किंवा मोबाइल नंबर असतो. तो उत्तरांच्याच शीटमध्ये आला की ‘निनावी सर्व्हे’ म्हणायची सोय उरत नाही.