मदत हवी आहे: ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये मॅकलारेन एफ१ साठी क्रेडिट कसे जमवू? तीच तीच रेस मारून जीव विटलाय

मंडळी नमस्कार. गेम ग्रॅन टुरिस्मो ७, पीएस५ वर, स्टिअरिंग व्हील नाही, साधा कंट्रोलर. पोस्ट लांबणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

परवा रात्री लेजंड कार्समध्ये (गेममधलं जुन्या नामांकित गाड्यांचं दुकान) ९४ सालची मॅकलारेन एफ१ आली. किंमत १ कोटी ८५ लाख क्रेडिट (म्हणजे गेममधले पैसे) आणि माझ्याकडे आहेत ६२ लाख. हीच गाडी का ते आधी सांगतो, म्हणजे दुसरी कुठली तरी घ्या असं कोणी सुचवणार नाही. शाळेत असताना अप्पा बळवंत चौकातून वह्या घ्यायला गेलो तेव्हा तिचं पोस्टर आणलं होतं, ते दहावीपर्यंत माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेलं होतं. गॉर्डन मरे यांनी डिझाइन केलेली गाडी, ड्रायव्हर मधोमध बसतो आणि दोन्ही बाजूंना जरा मागे एकेक सीट, पाठीमागे बीएमडब्ल्यूचं व्ही१२ इंजिन आणि ते बसवलंय त्या जागेला आतून सोन्याचा वर्ख, उष्णता परतवायला. सगळ्या मिळून फक्त १०६ बनल्या. ९५ साली तिच्याच रेसिंग मॉडेलने फ्रान्समधली ल मांची २४ तासांची रेस जिंकली. खरी गाडी बघायला मिळेल असं काही वाटत नाही, पण गेममध्ये आतला कॅमेरा लावला की त्या मधल्या सीटवर बसता येतं आणि मला ते एकदा तरी करायचंच आहे.

आता हिशोब बघा. कमी पडतात १ कोटी २३ लाख. गेममध्ये त्याच ल मांच्या ट्रॅकवरची ७०० पीपीवाली (पीपी म्हणजे गाडी किती वेगवान त्याचे गुण) अर्ध्या तासाची रेस पहिल्या नंबरने संपवली तर साडेपाच लाख, कुठे न धडकता संपवली तर वर क्लीन रेस बोनस ५० टक्के, असे ८ लाख २५ हजार. म्हणजे १५ रेस, त्यासुद्धा सगळ्या स्वच्छ. मी धायरीला राहतो, नोकरी चाकणला, सकाळी साडेसहाला कंपनीची बस, येताना नाशिक फाट्याला अडकलो की घरी पोचायला साडेआठ, मग जेवण, मुलाचा अभ्यास, आणि दहा ते अकरा हा एकच तास माझा असतो. त्यात एक रेस नीट होते. दोन मारल्या तर झोप जाते आणि दुसऱ्या दिवशी हातात मायक्रोमीटर धरून पार्ट तपासायचे असतात तिथे डोळे मिटायला लागले तर चालत नाही. म्हणजे १५ रात्री एकच ट्रॅक, आणि तोवर ती गाडी दुकानात राहील का ते वेगळंच, काही दिवसांनी लिमिटेड स्टॉक असं येतं आणि मग सोल्ड आउट.

सोमवारची गोष्ट. २८ मिनिटं झाली होती, मी पहिला, मागचा अकरा सेकंद लांब, एकदाही धडकलो नव्हतो, आणि वारा सुटला म्हणून लाईट गेली. आमचा इन्व्हर्टर फक्त पंखे आणि दिव्यांना आहे. मुलगा बाजूलाच बसला होता, त्याने चौकटीच्या वहीत तारीख आणि '+८,२५,०००' आधीच लिहून ठेवलं होतं, ते त्याने खोडरबरने पुसलं आणि काही न बोलता झोपायला गेला. (तो सहावीत आहे, प्रत्येक रेसचा हिशोब तोच ठेवतो, बेरजा पक्क्या झाल्यात त्याच्या.) मंगळवारी परत बसलो तर मुल्सानच्या सरळ रस्त्यावर पहिल्या शिकेनला (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) पुढच्या गाडीने माझ्या अंदाजाच्या बऱ्याच आधी ब्रेक मारला आणि मी तिच्या मागच्या बंपरला टेकलो, अगदी हलकं. जिंकलो, पण रिझल्टमध्ये बोनसची ओळच आली नाही. पावणेतीन लाख त्या एका टेकण्यात गेले.

पैसे देऊन क्रेडिट घेता येतात हे माहितीय. अमेरिकेच्या स्टोअरवर २० लाखांचा पॅक १९.९९ डॉलरला आहे, मला सात लागतील म्हणजे साधारण १४० डॉलर, आणि तिकडे आख्खा पीएस५ चा गेमच ६९.९९ चा आहे. दोन गेमच्या पैशात एक गाडी, तीसुद्धा स्क्रीनवरची. हे मी करणार नाही आणि मुलासमोर तर नाहीच नाही. स्क्रिप्ट लावून किंवा कंट्रोलरला रबर लावून रात्रभर गाडी फिरवत ठेवणंही नको, मग ती गाडी मी चालवून मिळवली असं कसं म्हणू.

मला मनापासून जे वाटतं ते सांगतो. कॉलेजात असताना फर्ग्युसन रोडच्या मागच्या एका सायबर कॅफेत आम्ही २००५ चं नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड खेळायचो, त्यात ब्लॅकलिस्टमधल्या एकेका रेसरला हरवलं की बक्षिसाचे मार्कर निवडायला मिळायचे आणि त्यात पिंक स्लिप निघाली तर त्याची गाडीच आपली. पंधराव्या नंबरपासून चढत चढत जायचं. ती गाडी कुठल्या रेसनंतर मिळाली, तेव्हा कोण बाजूला उभं होतं, सगळं लक्षात राहायचं. इथे १५ वेळा एकच रेस मारून गाडी घेतली तर लक्षात काय राहणार? मेहनतीला ना नाही माझी. प्रत्येक रात्री काहीतरी वेगळं चालवायला मिळावं, आपलं ड्रायव्हिंग सुधारावं आणि त्यातून पैसेही यावेत, असा काही मार्ग आहे का? गेममधल्या कॅफेची मेनू बुक (ठरवून दिलेली कामं) संपलीत, लायसन्स सगळी मिळालीत पण बहुतेक ब्राँझ आणि सिल्व्हर. रुलेटची (बक्षिसाच्या चक्राची) तिकिटं मिळतात पण माझी छोट्याच रकमेवर थांबतात, त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

दादा आधी ल मां नीट करा, कारण काहीही झालं तरी पाचसहा वेळा ती मारावीच लागणार आहे. तुम्ही पहिल्या लॅपला घाई करताय असं वाटतं. सगळा घोळका पुढे असतो तेव्हा शिकेनच्या तोंडाशी ओव्हरटेक करायचाच नाही, मागे दोन गाड्यांचं अंतर ठेवून ब्रेक मारायचा आणि बाहेर पडताना सरळ रस्त्यावर त्यांच्या हवेच्या पोकळीत शिरून पुढे जायचं, तिथे रस्ता एवढा लांब आहे की घाईची गरजच पडत नाही. गाडी जीआर.३ या रेसिंग गाड्यांच्या गटातली घ्या, बॅलास्ट (जादा वजन) आणि पॉवर रिस्ट्रिक्टर (ताकद कमी करणारा भाग) लावून ७०० पीपीवर आणा. इंधनासाठी फ्युएल मॅपचा आकडा सरळावर वाढवायचा, म्हणजे इंधन कमी जळतं, आणि गिअर जरा लवकर टाकायचे, एक पिट (टायर-इंधनासाठी थांबणं) वाचला तरी अर्धी रेस जिंकल्यासारखी आहे. रडारवर ढग बघत राहा, पाऊस कुठल्या लॅपला येणार ते त्यावर कळतं. आणि महत्त्वाचं म्हणजे घड्याळ. ३० मिनिटं संपल्यावर जी लॅप चालू असेल ती पूर्ण करावी लागते, म्हणून शून्य व्हायच्या तीनचार सेकंद आधी लाईन ओलांडलीत तर आख्खी १३ किलोमीटरची लॅप गळ्यात पडते, त्यापेक्षा पुढे मोठी लीड असेल तर शेवटी जरा हळू व्हा आणि शून्य झाल्यावर लाईन ओलांडा.

अजून एक, दिवसाला ४२ किलोमीटर झाले की रोजचं रुलेटचं तिकीट मिळतं, ते या एका रेसमध्येच होतं, वेगळं फिरायची गरज नाही. कंटाळा आला तर सार्डिनियाची ८०० पीपीची १५ लॅपवाली बघा, पाऊस नाही, बोनस धरून सातेक लाख मिळतात आणि वेळही थोडा कमी लागतो. टोकियोला पण ल मांएवढेच मिळतात पण भिंती जवळ आहेत, कंट्रोलरवर बोनस टिकवणं अवघड.

प्रतिसाद २

मी हा गेम पहिल्या आठवड्यापासून खेळतोय, ४ मार्च २०२२ ला आला तेव्हापासून. त्यामानाने आत्ताचे दिवस बरेच बरे म्हणायचे. १७ मार्चला १.०७ अपडेट आला आणि रेसची बक्षिसं कापली, फिशरमन्स रँचची रेस सगळे मारायचे ती ६५ हजारांवरून ३० हजारांवर आली, वर सर्व्हर दिवसभराहून जास्त बंद, आणि हा गेम नेटशिवाय जवळजवळ चालतच नाही त्यामुळे आम्ही सगळे नुसते बसून. लोक इतके भडकले की स्वतः गेमचे कर्ते काझुनोरी यामाउची यांनी माफी मागितली, सगळ्यांना १० लाख क्रेडिट दिले आणि ७ एप्रिलच्या अपडेटमध्ये बक्षिसं वाढवली. गाडी विकण्याची सोय सुद्धा सुरुवातीला नव्हती, ती २०२२ च्या शेवटी आली. तुमच्याकडे डबल झालेल्या गाड्या असतील तर विकून टाका, मोठी रक्कम नाही पण पडून राहण्यापेक्षा बरी.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. त्याच एप्रिलच्या अपडेटमध्ये मिशनमध्ये ह्यूमन कॉमेडी नावाच्या एकेक तासाच्या आठ रेस आल्यात, त्या तुम्ही पाहिलेल्याच दिसत नाहीत. पहिला नंबर आला तर प्रत्येकी १२ लाख, म्हणजे आठही जिंकल्या तर ९६ लाख. पूर्ण रक्कम एकदाच मिळते, म्हणून लोक विसरून जातात, पण तुम्हाला वेगळं वेगळंच हवंय ना. प्रत्येक रेसची गाडी आणि ट्रॅक निराळा, टायर कधी बदलायचे, इंधन कसं पुरवायचं याचा विचार करावा लागतो. तुमच्या ६२ मध्ये ९६ मिळवले की १ कोटी ५८ लाख होतात, मग उरतात २७ लाख, म्हणजे ल मां चारच वेळा. पंधराऐवजी चार.

आणि सर्किट एक्सपिरियन्स अजिबात सोडू नका. ट्रॅकचे तुकडे करून एकेक तुकडा शिकवतात, गोल्ड केलं की क्रेडिट. रात्री वीस मिनिटंच असतील त्या दिवशी हेच करा. मी न्युरबर्गरिंग असं शिकलो, दोन आठवडे गेले पण आता डोळे मिटले तरी पुढचं वळण दिसतं. लायसन्सचं पण तसंच, सगळी गोल्ड केलीत तर वर गाड्या मिळतात आणि हात बसतो तो कायमचा.

प्रतिसाद ३

आमच्याकडे उलटं आहे म्हणून लिहिते. माझी मुलगी फोर्झा होरायझन ५ खेळते. तिथे व्हीलस्पिन (बक्षिसाचं चक्र) फिरवलं की गाडी, लेव्हल वाढली की व्हीलस्पिन, आठवड्याची चॅलेंज केली की अजून गाडी. तिच्या गॅरेजमध्ये चारशेच्या वर गाड्या आहेत आणि तिला विचारलं यातली तुझी कुठली, तर ती नाव घेते ते अगदी पहिल्यांदा पैसे साठवून घेतलेल्या एका जुन्या मिनीचं. बाकीच्या ती उघडूनही बघत नाही. तेव्हा भाऊ तुमच्या मुलाने वहीत आकडे लिहिणं हे फार चांगलं चाललंय, ते मोडू नका. फक्त दोन गोष्टी. अकाउंटला कार्ड जोडलेलं असेल तर आजच काढा किंवा पासवर्ड लावा, मुलं मुद्दाम करत नाहीत पण बटण दाबलं जातं. आणि त्या गाडीसाठी जागरण करू नका, लेजंड कार्समध्ये गेलेली गाडी काही आठवड्यांनी परत येते, माझा भाऊ खेळतो त्याने सांगितलंय. तेवढ्यात तुमचे पैसे होतील.

धागाकर्ता, दहा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. एफ१ गुरुवारी सोल्ड आउट झाली. मुलाचं तोंड उतरलं होतं पण ताईंचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, आता तो रोज शाळेतून आला की दुकान उघडून आज कुठली गाडी आहे ते बघतो.

ह्यूमन कॉमेडीची पहिली रेस रविवारी सकाळी सहाला मारली, त्या वेळी घरात सगळे झोपलेले असतात आणि लाईटही सहसा जात नाही. पहिला प्रयत्न फसला, टायर संपले तरी मी पिटला गेलो नाही आणि शेवटच्या दहा मिनिटांत तीन गाड्या पुढे गेल्या. दुसऱ्या रविवारी आधी कागदावर लिहून घेतलं कुठल्या लॅपला पिट, किती इंधन भरायचं, आणि मुलगा बाजूला बसून लॅप मोजत होता. चार सेकंदांनी जिंकलो. त्याने '+१२,००,०००' लिहिलं, या वेळी मात्र रिझल्टची स्क्रीन आल्यावरच. मधल्या दिवसांत दोन ल मां झाल्या, दोन्ही बोनससकट, शिकेनच्या आधी दोन गाड्यांचं अंतर ठेवायची युक्ती अगदी बरोबर लागू पडली. एका लॅपला पुढची गाडी परत तशीच लवकर थांबली आणि मी आरामात मागे थांबलो, तेव्हा जाम बरं वाटलं. बाकी रात्री सर्किट एक्सपिरियन्स, त्याचे सुटे पैसे टायर आणि ट्यूनिंगला जातात. वहीत आज ९० लाख ५० हजार आहेत.

आता एकच अडतंय. ल मांला पाऊस सुरू झाला की ट्रॅक किती ओला झाल्यावर इंटरमीजिएट (कमी ओल्या रस्त्याचे) टायर लावायचे? लॅप लांब आहे, एकदा पिट चुकला की परत यायला चार मिनिटं, आणि मी एकदा लवकर बदलून ठेवले तर अर्धा ट्रॅक कोरडाच होता, टायर तिथेच झिजले. ओल दाखवणारी पट्टी कुठपर्यंत भरू द्यायची ते कोणी अंदाजाने सांगितलं तरी चालेल, उद्या रात्री दहाला बसणार आहे.