अ‍ॅगापँथसला फुलंच येत नाहीयेत, मदत हवी आहे

पुण्यात टेरेसवर 12 इंची कुंडीत अ‍ॅगापँथस (फुलझाड) आहे, बारमाही हिरवा राहणारा, तीन वर्षं झाली पण एकदाही फुलांचा दांडा आला नाही. पानं मात्र मस्त, बाजूला पिल्लंही भरपूर फुटलीत. ऊन सकाळचं 4 तास, पाणी साचत नाही. आधी दर महिन्याला शेणखत घालायचे, नायट्रोजन जास्त होत असेल म्हणून ते बंद करून जानेवारीपासून पोटॅश देतेय, थंडीत पाणीही कमी केलं, तरी यंदाचा उन्हाळा असाच गेला, फार वाईट वाटलं. मुळं कुंडीत गच्च झालीयेत पण याला दाटीतच फुलं येतात म्हणतात, म्हणून रिपॉटिंगचा धीर होत नाही. जमिनीत लावायला जागा नाही, आणि दुपारच्या उन्हात ठेवला की एप्रिलमध्ये पानं करपतात. तर पिल्लं आत्ता वेगळी करू की अजून एक हिवाळा तसाच राहू देऊ?